सातव्या उपवासाची रक्ततपासणी

सन्माननीय अध्यक्ष ज्ञानेश्वरनाना, व्यासपीठावर विराजमान आमच्या ट्रस्टचे ज्येष्ठ विश्वस्त, खास आजच्यासाठी नाशिकहून आलेले प्रमुख पाहुणे, दवाखान्यातल्या सिस्टर आणि ब्रदर, लॅबमधली मंडळी, समोर बसलेले माझे व्यापारी बंधू, अमळनेरच्या माता-भगिनी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे या सभागृहात जमलो आहोत त्या डॉक्टर दिपमाला पवार, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

नानांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. नाना, तुम्ही मला चांगले ओळखता. सरकी-पेंडीच्या व्यापारात माझं आयुष्य गेलं. समोरच्यानं सांगितलेल्या आकड्यावर मी आजवर कधी सौदा केलेला नाही, तेव्हा या पाच मिनिटांचंही तुम्ही फार मनावर घेऊ नका.

माझ्या आधी चार वक्ते बोलून गेले. डॉक्टरबाई मृदुभाषी आहेत, मनमिळाऊ आहेत, सर्वांना सांभाळून घेतात, असं सगळ्यांनी सांगितलं. मी विश्वस्त म्हणून सहा वर्षं त्यांच्यासोबत काढली. सांभाळून घेणं वगैरे मला तरी कधी अनुभवाला आलं नाही. पहूरच्या शेतकऱ्याची ही मुलगी. जे आहे ते तोंडावर सांगणार आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणार. पहिल्या गोष्टीनं माणूस दुखावतो आणि दुसरीनं घाबरतो. आता त्या धुळ्याला पोरांना डॉक्टरकी शिकवायला निघाल्या आहेत. त्या पोरांना माझ्या शुभेच्छा, त्यांना त्या लागतील.

आज मला गुणगान करायचं नाही. मला एक दुपार सांगायची आहे. या सभागृहातल्या पुष्कळांनी ती अर्धवट ऐकलेली आहे, आणि अर्धवट ऐकल्यामुळे या गावात डॉक्टरबाईंबद्दल बरंच वेडंवाकडं बोललं गेलं. चंद्रकांताबाईंची अठाई डॉक्टरणीनं मोडली, असं बोललं गेलं. ज्यांच्या घरात ते घडलं त्या घराचा कर्ता म्हणून ते पुरतं सांगणं माझं काम आहे, आणि डॉक्टरबाई गावात असेपर्यंत सांगणं भाग आहे.

त्या इथे आल्या तेव्हा त्यांनी एक पद्धत सुरू केली. साखरेचा रुग्ण आला की वर्षातून एकदा त्याच्या रक्ताची एक नळी हृदयासाठी वेगळी घ्यायची. लोकांनी नाकं मुरडली. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग हृदयाची तपासणी कशाला? मीही विश्वस्त म्हणून विचारायला गेलो. त्यांनी मला बसवलं आणि समजावलं. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक पदार्थ सोडतं, त्याचं नाव बीएनपीच्या घराण्यातलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की दुसरा पदार्थ सुटतो, तो ट्रोपोनिन. ही नावं माझ्या तोंडात बसायला एक पावसाळा गेला.

मी म्हटलं, "पण दुखलं की कळतंच ना?"

त्या म्हणाल्या, "रतनलालभाऊ, साखर वर्षानुवर्षं नसा बोथट करते. तुमच्या कितीतरी लोकांना चप्पल चावलेली कळत नाही, पाय चिघळल्यावर कळतं. हृदयाचंही तसंच होऊ शकतं. त्यांच्या छातीत कळ येईलच असं नाही. म्हणून मी त्यांच्या रक्ताला विचारते."

मी विचारलं, "म्हणजे अ‍ॅटॅक येणार की नाही ते यात कळतं?"

"नाही. हृदय कुरकुरतंय एवढं कळतं. पुढे काय होईल आणि कधी होईल, ते मला माहीत नाही."

अंगात पांढरा कोट घालून माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन मी सौभाग्यवतींना म्हणालो सुद्धा की ही बाई प्रामाणिक तरी आहे किंवा नवखी तरी आहे.

माझ्या सौभाग्यवती, चंद्रकांता, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना साखरेचा त्रास जुना. एका उन्हाळ्यात त्यांचीही ती नळी गेली आणि आकडा थोडा वर आला. डॉक्टरबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "अक्का, हा आकडा वयानं आणि साखरेनंही वर असू शकतो. हा तुमचा स्वतःचा आकडा समजा. पुढे कधी तपासलं तर याच्याशी ताडून बघू. तोवर मी देते त्या गोळ्या घ्या, हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, आणि यंदा पर्युषणात मोठा उपवास धरू नका."

चंद्रकांतानं मान हलवली. आमच्या घरात ती मान हलवते तेव्हा तिनं ऐकलेलं असतं, मान्य केलेलं असतंच असं नाही.

सभागृहात सगळेच काही जैन समाजाचे नाहीत, म्हणून थोडं सांगतो. पर्युषणात आमच्यात अठाई करतात. सलग आठ उपवास. अन्न नाही, फळ नाही, दूध नाही. फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. रोज सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, जाऊन साध्वीजींसमोर त्या दिवसाचं पच्चक्खाण, म्हणजे नेम, घ्यायचा. आठवा दिवस संवत्सरीचा, आणि नवव्या दिवशी पारणं. चंद्रकांताच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, अठाई केली होती. आईच्या दोन्ही जावांनी केली होती. हिची राहिली होती. गुडघ्यांनी साथ सोडायच्या आत एक अठाई व्हावी, एवढी एकच गोष्ट तिनं संसारात स्वतःसाठी मागितली होती. त्या वर्षी तिनं कोणालाही न विचारता पहिला उपवास धरला, मग दुसरा, मग तिसरा. अर्थात साखरेच्या गोळ्या तिनं आपल्या मनानं बंद केल्या, आणि हृदयासाठी दिलेल्याही.

आता आमची गंमत ऐका. घरात साखर मोजायचं यंत्र आहे. माझी सून चेलना सकाळ-संध्याकाळ मोजायची. पोटात काही नाही तर साखर वाढणार कुठून? आकडा असा सुरेख यायचा की इतक्या वर्षांत तसा आला नव्हता. तपस्वीला साता, म्हणजे खुशाली, विचारायला रोज माणसं यायची. त्यांना आम्ही पाणी देण्याआधी साखर सांगायचो. पाचव्या दिवशी एका पाहुण्यांनी जाहीर करून टाकलं की तपानं डायबिटीस गेला. सगळ्या घराला ते पटलं. घरात गाणी चालू होती, तिचे भाऊ राजस्थानातून येऊन थांबले होते, पारण्याची तयारी झाली होती. तिला दम लागायचा, पण सहा-सहा दिवस उपाशी असलेल्या बाईला दम लागणारच, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. पाय थोडे सुजले होते. पाहुण्यांत फार वेळ बसावं लागतं, म्हणून सुजले असं ठरलं.

सातव्या दिवशी सकाळी स्थानकाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच बसली. दुखत होतं का? नाही. चक्कर आली का? नाही. नुसती बसली, आणि तिचा हात चेलनाच्या हातात गार पडला. नेम घेऊन ती घरी आली आणि म्हणाली, काही नाही झालं. चेलना माझ्यापेक्षा धीट. ती सासूला म्हणाली, "बाई, नुसती साखर बघून येऊ दवाखान्यात, मशीन बरोबर दाखवतं का ते कळेल." साखर म्हटल्यावर चंद्रकांता तयार झाली. तिला आपली साखर दाखवायला आवडायला लागलं होतं.

डॉक्टरबाईंनी साखरेकडे बघितलं सुद्धा नाही. त्यांनी पायावर बोट दाबून पाहिलं, मानेकडे पाहिलं, ईसीजी काढला. ईसीजीत नाव घेण्यासारखं काही नव्हतं. आम्हाला हायसं वाटलं. मी तर निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या लॅबकडे वळून म्हणाल्या, "ट्रोपोनिन आणि बीएनपी, दोन्ही. आत्ता."

रिपोर्ट आला. दोन्ही आकडे वर. उन्हाळ्यातल्यापेक्षा वर. मी विचारलं, "अ‍ॅटॅक आहे?"

"माहीत नाही."

बघा, पुन्हा तेच.

"रतनलालभाऊ, नुसता वर असणं आणि वर चढत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपवासानं ताण पडून थोडा वर गेला असेल तर तो तिथेच राहील. या घडीला स्नायूला इजा होत असेल तर तो चढत जाईल. तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊ. तोवर अक्का इथून हलणार नाहीत."

ते तीन तास मी कसे काढले ते मला विचारू नका. तुम्ही म्हणाल, बाजारात भाव खालीवर होताना तुम्ही रोजच बसता की. बसतो. पण तिथे गेलं तर पोतं जातं. इथे माझी बायको खाटेवर डोळे मिटून माळ ओढत होती, तिला काहीही दुखत नव्हतं, ती हसून माझ्याशी बोलत होती, आणि समोरची डॉक्टर दर थोड्या वेळानं येऊन तिच्या चेहऱ्याकडे बघून जात होती. दुखत असतं तर मला बरं वाटलं असतं. वैरी कुठे आहे ते तरी कळलं असतं.

दुसऱ्या रक्ताचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं नाही. चंद्रकांतासमोरच सांगितलं. "अक्का, तुमच्या हृदयाच्या स्नायूला आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, इजा होते आहे. तुम्हाला दुखत नाही कारण साखरेनं तुमचं दुखणं खाल्लंय. रक्त पातळ करणाऱ्या या गोळ्या आत्ता घ्यायच्या, एक चावून. मग गाडीनं धुळे. तिथे अँजिओग्राफी."

चंद्रकांतानं विचारलं, "गोळी तोंडातून?"

"तोंडातून."

"मग उद्या संवत्सरी आहे. परवा पारणं झालं की घेईन."

समजावणं सुरू झालं. तिच्या भावांनी समजावलं. मी समजावलं, मग रागावलो. घरात आम्ही मारवाडीत बोलतो आणि मारवाडीत मला रागावता फार चांगलं येतं. काही उपयोग झाला नाही. ती म्हणाली, "सुई टोचा, कितीही टोचा. धुळ्याला नेता तर न्या. तोंडात काही घालणार नाही. सकाळी नेम घेतलाय." सुई डॉक्टरबाईंनी तेवढ्यात टोचलीही. पण पहिलं काम त्या गोळ्यांचं होतं, आणि त्याशिवाय रस्त्यावर काढायला त्या तयार नव्हत्या.

माझा मुलगा अखिल त्या वेळी पोचला. आईला पाहून त्याचा तोल गेला. तो डॉक्टरबाईंवर ओरडला, "तुम्ही कसल्या डॉक्टर? दुधात घालून द्या, पाण्यात विरघळवून द्या, तिला सांगू नका." सगळ्या वॉर्डनं ऐकलं.

डॉक्टरबाई त्याच्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "शुद्धीवर असलेल्या माणसाला मी फसवून औषध देणार नाही." मग त्यांनी चंद्रकांताला विचारलं, "अक्का, तुमच्या नेमात आजारी माणसाला काहीच वाट नाही का?"

चंद्रकांतानं माळेचा एक मणी पुढे सरकवला. मग म्हणाली, "ते महासतीजींना माहीत. मी कोण सांगणार?"

महासतीजी म्हणजे आमच्या साध्वीजी, त्या फोन वापरत नाहीत. स्थानकातून निरोप आणायचा तर माणसानंच जायला हवं. सूर्यास्ताला प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या दोषांची क्षमा मागायचा पाठ, सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की मध्ये कोणाशी बोलणं नाही. इकडे सूर्य मावळला की चंद्रकांता पाण्यालाही शिवणार नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते उजेड असेपर्यंत. अखिल म्हणाला, मी जातो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. त्यांनी आजाराबद्दल विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागेल." वॉर्ड दुसऱ्या डॉक्टरांच्या स्वाधीन करून, गोळ्या चेलनाच्या हातात ठेवून, त्या कोटावरच बाहेर पडल्या. बरोबर आपल्या सिस्टर कुंदाबाई. दारात लोटन रिक्षा घेऊन उभा होता. त्याला कुठे जायचं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "बसा ताई, दिन बुडाना आगोदर पोचाडस."

पुढचं मी कुंदाबाईंकडून ऐकलेलं सांगतो. त्या समोर बसल्या आहेत, चुकलं तर मला टोकतील. दोघी स्थानकात गेल्या. पर्युषणाची गर्दी. बायका प्रतिक्रमणासाठी आसनं घालून बसू लागल्या होत्या. कोणीतरी विचारलं, काय काम आहे. डॉक्टरबाईंनी जमिनीवर बसून हात जोडले आणि महासतीजींना सगळं सांगितलं. आकडे सांगितले, दुखत का नाही ते सांगितलं, गोळी कसली ते सांगितलं. महासतीजींनी एकच विचारलं, "गोळी घेतली तर वाचतील?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "घेतली तर वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वाचतीलच असं मी सांगू शकत नाही."

कुंदाबाई मला नंतर म्हणाल्या, "भाऊ, मना तर जीवच गया. म्हटलं हाई बाई आते तरी खोटं बोलाले पाहिजे."

परत येताना बाजारात रिक्षा अडकली. पर्युषणाच्या खरेदीची गर्दी, त्यात एक बैलगाडी आडवी. इकडे वॉर्डाच्या खिडकीला पश्चिम आहे. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत वर चालला होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो होतो. चंद्रकांताच्या कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता. मी विचारलं, दुखतंय? तिनं मान हलवली, नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि शेजारी स्टीलच्या भांड्यात तिच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी झाकून ठेवलेलं होतं.

डॉक्टरबाई आल्या. धापा टाकत आल्या. अखिल पुढे झाला, "तोडा म्हणाल्या ना? सांगा आईला."

सज्जनहो, त्या क्षणी या बाईंनी 'हो' म्हटलं असतं तर कोणी त्यांना बोल लावला असता? एक अक्षर बोलायचं होतं. माझ्या बायकोचा जीव त्या एका अक्षरावर होता. मी सगळे देव आठवून म्हणत होतो, बाई, हो म्हणा.

त्या खाटेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, त्यांनी तोडा असं सांगितलं नाही."

अखिलनं डोक्याला हात लावला.

"त्या म्हणाल्या, नेमात सूट असते. तिला आम्ही आगार म्हणतो. प्राणावर बेतलं तर मनाची शांती टिकावी म्हणून औषधाची सूट त्यातच आहे, आणि चंद्रकांताबाई ते रोज सकाळी ऐकतात. म्हणाल्या, मी तोडा म्हणणार नाही आणि तोडू नका असंही म्हणणार नाही. मन ज्यानं शांत राहील ते करा म्हणावं. बस, एवढंच."

मी खिडकीकडे पाहिलं. उन्हाचा पट्टा भिंतीच्या वरच्या कडेला पोचला होता.

चंद्रकांता त्यांच्याकडे वळली. मग तिनं विचारलं, "डॉक्टरबाई, त्या हो म्हणाल्या असं तुम्ही का नाही सांगितलं? मी विश्वास ठेवला असता."

"त्या तसं म्हणाल्या नाहीत, अक्का."

"मग रक्ताचं जे सांगितलं, तेही असंच? जेवढं आहे तेवढंच?"

"जेवढं आहे तेवढंच."

चंद्रकांतानं माळ उशाशी ठेवली. चेलनाकडे वळून म्हणाली, "ते पाणी उकळलेलंच आहे ना गं?"

चेलनानं भांडं पुढे केलं. एक गोळी चावून, बाकीच्या पाण्यासोबत, माझ्या बायकोनं माझ्या डोळ्यांसमोर गिळल्या. मग हात जोडून नवकार मंत्र म्हटला. तिचं म्हणून संपलं तेव्हा भिंतीवर ऊन राहिलं नव्हतं.

धुळ्याच्या रस्त्यावर डॉक्टरबाई गाडीत तिच्याजवळ बसल्या. मी पुढे. वाटेत तिची नाडी घसरली. मागून मला एकच आवाज ऐकू येत होता, "अक्का, बोलत राहा. कोणाकोणाची अठाई झाली घरात, सांगा." आणि चंद्रकांता तुटक तुटक माझ्या आईचं, चुलत्यांच्या घरातल्या बायकांचं नाव घेत होती. धुळ्यात पोचल्यावर तपासणी झाली. मुख्य रक्तवाहिनी बंद व्हायला आली होती. तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं की पेशंट उद्या सकाळी आणला असता तर बहुधा आणावाच लागला नसता. तिथे वाट मोकळी केली आणि पुढे नाशिकला ऑपरेशन झालं. ज्या सर्जननं ते केलं ते आज आपले प्रमुख पाहुणे म्हणून इथे बसले आहेत. साहेब, आपले आभार मानायला मला वेगळं भाषण लागेल, ते नाना मला करू देणार नाहीत.

आता गावातल्या बोलण्याचं. अठाई मोडली, पारणं झालं नाही, वाजतगाजत काही निघालं नाही. तिच्या भावांनी आणलेले कपडे तसेच परत गेले. डॉक्टरणीनं तप मोडलं, असं चार तोंडांनी फिरलं. त्यांच्या ओपीडीत आमच्याच समाजातल्या बायका काही महिने यायच्या बंद झाल्या. डॉक्टरबाईंनी कोणालाही खुलासा केला नाही. मी विचारलं, का सांगत नाही? म्हणाल्या, "पेशंटच्या घरातली गोष्ट आहे, मी कशी सांगू?" म्हणून आज मी सांगितली. तप त्यांनी मोडलेलं नाही. त्यांना ते मोडता आलं असतं, एका शब्दानं, आणि त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. हे ज्यांनी-ज्यांनी दुसरं काही ऐकलं होतं त्यांनी आज दुरुस्त करून घ्यावं ही विनंती.

त्या वर्षापासून आमच्या घरात एक नवा नेम झाला आहे. पर्युषणाच्या आधी चंद्रकांता दवाखान्यात जाते, रक्त देते, आकडा येईपर्यंत बाकावर बसते, आणि मग विचारते, "यंदा करू?" डॉक्टरबाई आधीच्या आकड्याशी ताडतात आणि सांगतात, "नाही अक्का." ती एकवेळ जेवणाचं व्रत धरते आणि हट्ट करत नाही. माझ्याशी करते.

आता आभार. ज्ञानेश्वरनाना, आपण वेळेकडे डोळेझाक केलीत, आपले आभार. कुंदाबाई, लोटन, लॅबची सगळी मंडळी, तुमचे आभार मानायची संधी मला आजवर कोणी दिली नव्हती, ती मी घेतो. अखिल बाहेर गाडी घेऊन उभा आहे. डॉक्टरबाईंचं सामान धुळ्याला तोच नेणार आहे. त्या दिवशी जे बोलला त्याबद्दल त्याला इथे माईकवर बोलायचं नाही, रस्त्यात बोलायचं आहे. डॉक्टरबाई, त्याचं ऐकून घ्या.

घरून निघताना चंद्रकांतानं मला एक निरोप दिला. तिला चारचौघांत बोलता येत नाही. तो मी शेवटी ठेवला, कारण तो दिल्यावर मला पुढे बोलणं जमणार नाही. ती म्हणाली:

"त्यांना सांगा, नवे डॉक्टर येतील, शिकलेले येतील. आकडा तेही वाचतील. पण ते मला जे सांगतील ते खरं म्हणून सांगतात, की माझ्या भल्यासाठी सांगतात, हे मी कशावरून ओळखू? यंदा पर्युषणात मी कोणाला विचारू?"

डॉक्टरबाई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नसेल, आणि नसलं तर तुम्ही तसं सांगाल.

संवत्सरीला आम्ही लहानथोर सगळ्यांची हात जोडून क्षमा मागतो. ती यायला अजून अवकाश आहे आणि तोवर तुम्ही इथे नसाल. म्हणून माझ्या घराकडून, या गावाकडून, आणि आज माझ्या बोलण्यात जे कमीजास्त झालं असेल त्याबद्दल, मी ती आजच मागतो. खमतखामणा. मी खाली बसतो.